लूमचा हिशेब आणि शेअरचा भाव

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मार्केट फार वर गेलंय असं आजीला वाटतं का. मी विषय बदलला, कारण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून लिहिते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सरकारच्या नव्या कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपले शेअर इथल्या लोकांना विकावे लागत होते. तोवर सुताच्या भावापलीकडे न बोलणारी आमची भिवंडीही शेअरवर बोलू लागली होती. माझे धाकटे दीर तेव्हा नुकतेच बँकेत लागले होते. अशाच एका औषध कंपनीच्या शेअरचा भाव वर्षात दुप्पट झाला, तेव्हा पडघ्याचं भातशेत विकून ते शेअर घ्यायचा त्यांनी हट्ट धरला. शेत माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या नावावर होतं. घरचा वर्षाचा तांदूळ तिथूनच येई.

मामंजी कामतघरला एका लूममालकाकडे कारकून होते. तिथे जुना लूम घेताना एकच विचारत: हा आपली किंमत किती वर्षांत फेडेल? पाचाच्या पुढे गेला तर घेत नसत, तोवर त्याचे भाग झिजायचे. मामंजींनी शेअरलाही तोच प्रश्न लावला. कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकले होते, म्हणून गणित माझ्याकडे आलं. नुसत्या डिव्हिडंडने किंमत फिटायला तीस वर्षं लागत होती.

"तीस वर्षांत लूम भंगारात जातो, सूनबाई."

"बाबा, कंपनी म्हणजे लूम नव्हे," दीर म्हणाले.

"मग काय आहे?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी पुस्तकांतल्या व्याख्या मला पाठ होत्या, पण मामंजींना पटेल असं एक वाक्य त्यांत सापडेना. शेवटी मामंजीच म्हणाले, "गणेशपुरीच्या कुंडासारखं दिसतंय. पाणी कढत आहे, खाली चूल दिसत नाही. तू तुझ्या पगारातून बोट बुडव. शेत मी बुडवणार नाही."

दीर काही दिवस घुश्श्यात होते. भाव मात्र चढतच गेला. पेपर उघडून ते विचारत, "बाबा, आज आपला लूम किती झिजला?" मामंजी हसत आणि आकडा मला पुन्हा वाचायला लावत. बाहेर लूमचा तोच खडखडाट, तीच शिफ्ट. कुठे एक वार कापड जास्त निघालं नव्हतं, आणि मुंबईत शेअरचे ते कागद एका रात्रीत महाग झालेले. त्या बारीक छापलेल्या आकड्यांकडे आम्ही दोघं आभाळाकडे बघावं तसे बघत असू.

पुढे मला कळलं, की चांगली कंपनी कमाईतूनच नवे लूम घालते, म्हणजे वाढते. मामंजींच्या हिशेबात त्याला जागा नव्हती. पण ती किती वाढेल हे आधी कोण सांगणार? भाव महाग की रास्त, ते सगळं तेवढ्यावरच ठरतं. इतकी माणसं रोज त्या न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत लावतात, याचं मला अजून नवल वाटतं.

दिरांनी पगारातून घेतलेले शेअर त्यांच्या मुलाकडे आहेत. पडघ्याचं शेत आपल्याकडे आहे, आणि यंदाही त्यात भात लावला आहे.