वीस बोअरचा कागद

आर्व्हेला स्ट्राउडनं नवऱ्याची बारा बोअरची बंदूक विकली आणि सगळ्या खोऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. लॉनी जाऊन सहा वर्षं झालेली, बंदूक तिची, खांदा तिचा; पण बोलायला गाव मोकळं. पेट्रोलपंपावर सकाळी कॉफी ढोसत बसणाऱ्या बाप्यांपैकी एकानं तोंडावर विचारलंच, "लॉनीची आठवण विकलीस होय गं?"

"आठवण आहे माझ्यापाशी," ती म्हणाली. "विकली ती खांदा फोडणारी नळी. तुला एवढा कळवळा आलाय तर दुकानात टांगलीय, जा घेऊन ये." कुणी गेलं नाही हे सांगायला नकोच.

बाई तशी फटकळच. एकतीस वर्षं अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांतल्या या वळणावळणांच्या रस्त्यांवर शाळेची बस चालवतेय. आरशातून तिनं नुसतं बघितलं, की मागच्या बाकावरची दांडगी पोरं हात मांडीवर ठेवून बसतात. त्यातल्या अर्ध्या पोरांचे बापसुद्धा तिच्याच बसमधून शाळेत गेलेले, तिच्याच शिव्या खाल्लेले. ते जडशीळ चाक फिरवून फिरवून उजवा खांदा कामातून गेला. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरनं तो उघडून शिवला आणि सांगितलं, आता शिकार विसरा. तिनं त्याचे रीतसर आभार मानले आणि कमी धक्का देणारी, हलकीशी वीस बोअर घेऊन आली.

पण खरी अडचण डॉक्टरची नव्हती. अडचण होती हार्लिसची. हार्लिस हा लॉनीचा थोरला भाऊ. सॅसाफ्रास नावाचा अख्खा डोंगर त्याच्या मालकीचा, आणि लग्न होऊन आल्यापासून आर्व्हेला दर एप्रिलला रानातल्या टर्की पक्ष्यांमागं त्याच डोंगरावर बसत आलेली. गेल्या एप्रिलमध्ये दीर-भावजय एकाच झाडाला टेकून बसले होते. नर साद देत देत समोर आला, दोघांनी एकदमच बार काढले. पक्षी कोसळला, उठला, आणि पंख फरफटत खालच्या घळीत घुसला. जागेवर छातीची पिसं तेवढी राहिली. आर्व्हेलानं दोन दिवस ती घळ काट्याकुट्यांतून पिंजून काढली, पण पक्षी सापडला नाही.

आमच्याकडे माणसानं दारू प्यावी, चर्चला दांडी मारावी, सगळं खपतं. पक्षी जखमी करून सोडला, की मात्र तो माणूस सगळ्यांच्या मनातून उतरला. आणि त्याच आठवड्यात, बुधवारी चर्चच्या जेवणात, घेवडा आणि मक्याचा पाव पुढ्यात घेऊन, हार्लिसनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आर्व्हेलाच्या हातून आता व्हायचं नाही. बार काढताना दचकते ती." ती गप्प बसली. तिच्यासारखी बाई गप्प बसली, कारण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. खांद्यातून अशी कळ आली होती की चाप ओढताना डोळे मिटले की काय, हे तिला आठवत नव्हतं. वर्षभर ती ते मनात घेऊन बस चालवत होती, आणि पोरांच्या आया खिडकीशी येऊन "यंदा नाही ना जाणार शिकारीला?" असं मायेनं विचारत होत्या. त्या मायेनं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

स्ट्राउडांच्या डोंगराचा एक नियम आहे, हार्लिसच्याच बापानं घातलेला. हंगामाआधीच्या शनिवारी प्रत्येक बंदुकीचा कागद काढायचा. टर्की डोक्या-मानेवरच मारायची, छातीवर लागली तर नुसती जखमी होऊन पळते; म्हणून खाकी कागदावर टर्कीचं डोकं आणि मान काढायची, भोवती थाळीएवढं वर्तुळ, कागद फळीला ठोकायचा, चाळीस पावलांवरून बार टाकायचा आणि वर्तुळातली छर्ऱ्यांची भोकं मोजायची. शंभर भरली तर माणूस डोंगरावर जाईल. नाही भरली तर पुढं सरकून पुन्हा बार टाकायचा, आणि जिथून भरतील तेवढ्याच अंतरावरचा पक्षी मारायचा. मग कागदावर नाव आणि अंतर लिहून तो कोठाराच्या भिंतीवर लावायचा.

त्या शनिवारी आर्व्हेला आली तेव्हा हार्लिस आणि त्याचा मुलगा केंडल दोघंही कोठारापाशी उभेच होते. हार्लिसनं वीस बोअरकडे बघून नाक मुरडलं. "खारी मारायला निघालीस का?"

"खारीलासुद्धा कागद लागत असेल तर लाव," ती म्हणाली. "आणि फळी नीट ठोक, केंडल. गेल्या खेपेसारखी हलती नको."

केंडल बिचारा मऊ माणूस. काकूच्या खांद्याला त्रास नको म्हणून त्यानं टेबल मांडलं, खुर्ची दिली, नळी टेकवायला ओकचा ठोकळा ठेवला. तिनं बार टाकला. सगळे छर्रे डोक्याच्या वर, कागदाच्या कडेला. दुसरा टाकला, तोही तसाच.

 हार्लिस नुसता 'हं' म्हणाला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. केंडल जमिनीकडे बघायला लागला.  म्हणजे खरंच दचकते का मी? म्हणजे तो पक्षी माझ्याच पापाचा?

मग तिची नजर त्या ठोकळ्याकडे गेली. जन्मात कधी टर्कीला ठोकळ्यावर नळी ठेवून मारलंय का आपण? टणक लाकडावर टेकवलेली नळी बाराबरोबर उसळणारच.

"काढ हे सामान," ती केंडलला म्हणाली. "मी काय पाहुणी आहे खुर्चीवर बसायला?"

"काकू, खांदा..."

"खांदा माझा आहे. तुझा दुखायला लागला की सांग."

तिनं बंदूक उचलली आणि अक्रोडाच्या बुंध्याला पाठ लावून मातीत बसली, तिथंही पावलं चाळीसच. डावा गुडघा उभा केला, त्यावर हात, हातावर बंदूक, दस्त्याला गाल घट्ट. डोळे उघडे ठेवायचे, मेलीस तरी चालेल, असं तिनं स्वतःला बजावलं आणि चाप ओढला. छर्रे बरोबर मानेभोवती बसलेले तिला बसल्या जागेवरून दिसले. डोळे उघडे होते म्हणून दिसले.

केंडल पेन्सिलीनं एकेक भोक खुणावत मोजायला लागला. अठ्ठ्याऐंशी.

"शंभर नाहीत," हार्लिस लगेच म्हणाला.

"मला मोजता येतं. पाच पावलं पुढं सरकते." ती सरकली, पुन्हा मातीत बसली, पुन्हा बार टाकला. एकशे चौदा. "मग लिही, केंडल. आर्व्हेला स्ट्राउड, पस्तीस. त्याच्यापलीकडं तो नाचत उभा राहिला तरी मी हात लावणार नाही."

"एका चांगल्या बारानं काय होतं," हार्लिस म्हणाला. "समोर पक्षी असला की वेगळं असतं. बघितलंय ना आपण."

आता मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली, कुल्ल्यावरची माती झटकली आणि कोठाराच्या भिंतीशी गेली. केंडलचा कागद यंदाचा होता. हार्लिसचा शोधायला तिला वरचे कितीतरी कागद उचकटावे लागले. पिवळा पडलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि त्यावरचा सालाचा आकडा लॉनी जिवंत असतानाचा.

"हे काय रे हार्लिस?"

"माझी बंदूक बदलली नाही. कागद कशाला बदलायचा?"

"नियम बंदूक बदलण्याचा नाही. दर हंगामाचा आहे. तुझ्या बापाचा आहे. काढ तुझी बारा बोअर."

"पप्पांचं राहू दे ना, काकू," केंडल मध्ये पडला.

"का राहू दे? माझं राहू दिलं होतं का कुणी?"

हार्लिसचं वय अठ्ठ्याहत्तर, पण मान अजून ताठ. नाही म्हणणं त्याला जमेना. त्यानं बंदूक आणली, ती बसली होती तिथंच बसला, आणि बराच वेळ नेम धरला. आर्व्हेला कागदाकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. चाप ओढायच्या क्षणी त्याचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढं आला आणि नळीचं तोंड खाली गेलं.

बार झाला. डोक्याभोवती कागद कोरा होता, वर्तुळात चारदोन भोकं. बाकी सगळे छर्रे खाली, जिथं पक्ष्याची छाती आली असती तिथं.

कुणी मोजायला गेलं नाही. केंडलच्या हातात पेन्सिल तशीच राहिली.

"छातीची पिसं," आर्व्हेला म्हणाली.  "मी नेम मानेवर धरला होता, हार्लिस. वर्षभर मी स्वतःला विचारत होते, डोळे मिटले का माझे, मिटले का. दोन दिवस ती घळ धुंडाळली मी. तू घरात बसून होतास."

हार्लिस उठायला गेला, जमलं नाही. केंडल हात द्यायला पुढं झाला, तो त्यानं झिडकारला. बसल्या बसल्याच म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"बार खाली गेलेला हाताला कळतो. कळलं होतं." तो बंदुकीच्या नळीच्या टोकाकडे बघत राहिला. "डोंगर माझा आहे, आर्व्हेला. लोक मला विचारून शिकारीला येतात. मला चुकलो म्हणवेना."

ती रडेल असं केंडलला वाटलं. ती रडली नाही. तिनं फळीवरचा दिराचा कागद उचकटला, खिळ्यापाशी फाटला तरी उचकटला, आणि पेन्सिलीसकट त्याच्या मांडीवर ठेवला.

"नाव लिही."

त्यानं लिहिलं. अंतर लिहिलं नाही, तिनंही विचारलं नाही. दोन्ही कागद तिनं स्वतः हातोडी घेऊन भिंतीवर ठोकले. शिवलेल्या खांद्यातून कळ आली, तरी उजव्याच हातानं ठोकले.

"सोमवारी पहाटे मी डोंगरावर असणार," ती म्हणाली. "तुझी परवानगी मागत नाहीये. कागद भिंतीवर आहे. आणि बुधवारी चर्चच्या जेवणाला तू उभा राहणार आणि हे सांगणार. माझं नाव जिथं घेतलंस तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"अगं, त्या सगळ्यांपुढं..." हार्लिस म्हणाला. "लोक काय म्हणतील मला?"

आर्व्हेलानं वीस बोअर बिजागरीत उघडून खांद्यावर टाकली.

"मला वर्षभर म्हणत होते तेच म्हणतील. मी काय मेले नाही त्यानं."