जाहिरातीतले साडेनऊ सेकंद

शहापूरजवळ हायवेवरच्या एका चहाच्या टपरीवर मी आणि माझा मित्र वीस वर्षं परीक्षक म्हणून बसलो. नेमणूक आमची आम्हीच केलेली. रविवारी सकाळी मुंबईचे हौशी लोक महागड्या गाड्या घेऊन कसाऱ्याकडे सुसाट जायचे, आणि आम्ही डोळे मिटून नुसत्या आवाजावरून निकाल द्यायचो. "आठ सिलिंडर," मी म्हणायचो. "सहाच. सायलेन्सर बदललाय, म्हणून बोंबलते," तो म्हणायचा. दोघांत मिळून एक मोटारसायकल होती, आणि तीही चढाला एकाने उतरल्याशिवाय हलत नसे.

मित्र भातसानगरला धरणावर कामाला. रोज पाण्याची पातळी बघून वहीत लिहायची, हे त्याचं काम. जाहिरातींवर त्याचा विशेष राग. गाडी नेहमी वाळवंटातच का पळते, असं मी विचारलं, की म्हणायचा, "तिथं खड्डा नाय, म्हैस नाय, म्हणून रे!"

मग मी गाडी घेतली. लाल, टर्बो. माहितीपत्रकावर ठसठशीत अक्षरांत: शून्य ते शंभर, साडेनऊ सेकंदांत. ती मी थेट टपरीसमोर उभी केली आणि नाटकातल्या राजासारखा खाली उतरलो. मित्राने गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. माहितीपत्रक उलटं करून, डोळ्यांजवळ धरून त्याने तळाची बारीक ओळ खड्या आवाजात वाचली: "प्रत्यक्ष कामगिरी वेगळी असू शकते." मग म्हणाला, "ही गाडी नाय, ही अफवा आहे. बारा लागतील तिला."

सगळी टपरी हसली. लोकांना हसवायची मला सवय, पण त्या दिवशी ते मला हसत होते. मी म्हणालो, "तुला घ्यायला जमली नाय, म्हणून पोट दुखतंय तुझं."

तो अर्धा चहा ठेवून उठला. त्यानंतर आठ महिने ना तो टपरीवर आला, ना फोन.

मी जात राहिलो. डोळे मिटून "आठ सिलिंडर" म्हणायचो. कुणी खोडून काढत नसे. तेव्हा कळलं, मला त्यातलं काहीच समजत नाही. मी फक्त सुरुवात करायचो. खरं काय ते तोच सांगायचा.

मुरबाडला घरात मी एकटाच. बोलायला कुणी नसलं की माणूस मनातल्या मनात भांडण जिंकायला बघतो. ठरवलं, साडेनऊ सेकंद सिद्ध करायचे आणि त्याला तोंडावर आकडा सांगायचा. नव्या रस्त्याचा एक तुकडा तयार होऊन उद्घाटनाची वाट बघत मोकळा पडला होता. शेजारी वजन हवं म्हणून तांदळाची गोणी ठेवली. गाडी टिंग टिंग करायला लागली. तिला वाटलं, माणूस बसलाय. गोणीला पट्टा लावला, तेव्हा गप्प झाली. घड्याळासाठी मोबाईल समोर अडकवला आणि "तयार?" असं गोणीला विचारून निघालो.

बारा. पुन्हा केलं, बारा. तिसऱ्यांदा, बाराच्या वर.

गाडी बंद करून मी त्या रिकाम्या रस्त्यावर मोबाईल समोरून काढला आणि त्याचा नंबर लावला. साडेनऊ आले असते, तर त्याला फोन करायला एवढी हिंमत लागली नसती.

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"नंबर आहे माझ्याकडं."

"बारा लागले रे."

मग एका दमात पुढचंही बोलून टाकलं.

"आणि ते पोटाचं बोललो, ते चुकलं माझं."

तो खाकरला. "एसी?"

"बंद होता."

"बाजूला कोण व्हतं?"

"तांदळाची गोणी. पन्नास किलोची."

"टायरात हवा किती?"

ते मी बघितलंच नव्हतं.

"हवा न बघता रीडिंग घेतलंस? आणि आता कंपनीला नावं ठेवतोस, गाढवा? आधी बघ जा. बघून फोन कर."

मी गाडी वळवली ती थेट पेट्रोल पंपावर. हवावाल्याने विचारलं, "किती भरू?" म्हटलं, "भरू नका, फक्त मोजा." त्याने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. चारही आकडे मी तळहातावर पेनाने लिहून घेतले आणि तिथंच उभ्याने फोन लावला.

एक रिंगही पुरी झाली नाही.

"चारही सांग," तो म्हणाला. "पुढच्या उजव्यापासून."