निवटी न खाणारी गोदू

रोडपालीच्या खाडीत निवट्या धराव्यात त्या गोदूनेच, असं पनवेलच्या बाजारात बायका म्हणायच्या. म्हणायला काय जातं? चिखलात मांडीपर्यंत उतरायचं होतं ते तिला.

निवटी मासळी ओळखायला फार अक्कल लागत नाही. बोटाएवढी, चिखलाच्याच रंगाची, डोळे थेट टाळूवर. खरबी मासळीही थोडी तिच्यासारखी दिसते, पण पाण्याबाहेर काढली की खरबी निपचित पडते. निवटी ओहोटीला आपणहून बाहेर येते, पुढच्या परांवर सरकत चिखलात हिंडते, आणि माणसाची सावली पडली की बिळात गडप. त्या बिळाला तोंडं दोन. एकावर टाच दाबून धरायची आणि दुसऱ्यातून कोपरापर्यंत हात घालायचा. टाच सुटली की ती कुठून निघून गेली, देवाला ठाऊक.

गोदूचा नवरा शिवा एका ओहोटीला असाच निवट्यांना गेला आणि परत आला नाही. बांधाजवळ त्याची टोपली सापडली, आतल्या निवट्या अजून उड्या मारत होत्या. गावाने भरती येईपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं, मग सोडून दिलं. पन्नास सालच्या सुमाराची ही गोष्ट.

तो चिखलातच आहे, हे गोदूच्या मनाने धरलं ते धरलंच. आणि पोटासाठी हात घालायचा तोही त्याच चिखलात. बिळात बोटांना काही गार लागलं की ती हात तसाच ठेवायची. मग हलकेच विचारायची, "हाईस काय रं?" खालून एखादा बुडबुडा यायचा, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. चारी बाजूंनी ते टाळूवरचे डोळे तिच्याकडे बघत असायचे. भीती वाटायचीच, पण त्या भीतीत नवरा होता, म्हणून ती रोज जायची. निवट्या विकायची, पण जिभेला लावायची नाही. ज्या चिखलाने नवरा गिळला, त्यावर पोसलेला मासा घशाखाली उतरणार कसा?

सासूचं, गंगाबाईचं, नेमकं उलटं. "माजा पोर चिकलान नाय गेला, मुंबयला गेलाय," असं ती अख्ख्या गावाशी भांडून सांगायची. सुनेला तिने कुंकू पुसू दिलं नाही, की पोराचं क्रियाकर्म होऊ दिलं नाही. आणि निवटीचं कालवण मुद्दाम रांधून सुनेसमोर बसून खायची. खाल्लं नाही तर पोर मेला असं कबूल केल्यासारखं व्हायचं ना. एकाच चुलीपुढे दोघी बसायच्या, एकीच्या ताटात निवटी, दुसरीच्या ताटात मीठ-भाकरी. त्या वासात शिवा घरभर वावरायचा. वर्षं अशीच गेली.

मग एका दुपारी शिवाच्या ओळखीचा उरणचा भगवान आला. मुंबईच्या बंदरात हमाली करायचा, थापा मारणाऱ्यांतला नव्हे. ओट्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "शिवाला बघितला मी, भाऊच्या धक्क्यावर. बोललो पन त्याच्याशी. बायको हाय, दोन पोरं हायत. गावान सांगू नको बोलला."

"बोलली नवती मी?" गंगाबाई एकदम हसली, रडली, देवापुढे जाऊन डोकं टेकून आली. मग तिची नजर सुनेच्या तोंडाकडे गेली.

गोदू उठली. चुलीवरचं निवटीचं कालवण तिने स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. आता अडायचं कारणच उरलं नव्हतं. खाली मान घालून तिने ते सगळं संपवलं, हात धुतले, आणि त्याच ओल्या हाताने कपाळ पुसलं.

"अगो, जिता हाय तो," सासू कळवळून म्हणाली.

"म्हनूनच, आये."

उन्हं उतरल्यावर ओहोटी लागली तशी ती खाडीत गेली. बिळात हात घातला. गार लागली ती निवटी, नुसती निवटी. तिला भीती वाटेना. या बिळातून त्या बिळाकडे ती अंधारेपर्यंत फिरली, तरी वाटेना. शेवटी बांधाच्या कडेला चिखलातच बसली आणि गळा काढून रडली, शिवा गेल्यापासून पहिल्यांदाच.

गंगाबाई शोधत आली. लुगडं सावरायचं सोडून सुनेशेजारी चिखलात बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आये," गोदू म्हणाली, "इतं कोनच नाय गो."