झडपेवरचं नाव

माझी वहिनी कपडे शिवणारी. माझ्या भावाने हृदयात बसवायची कृत्रिम झडप तयार केली, तेव्हा तिच्याभोवतीचं कापडी कडं वहिनीनेच शिवून दिलं होतं. झडप गाजली, पण प्रयोगशाळेच्या साहेबांच्या नावाने. त्यांनी भावाचं नाव गाळलं आणि त्याने तोंड उघडताच त्याला नोकरीवरून काढलं. त्यानंतर भाऊ खचला तो खचलाच.

तो गेला. वहिनीने मात्र डूख धरला. त्याच्या विद्यार्थ्यांना गाठून त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. असली यंत्रं बनवणाऱ्या संशोधकांना ते मदत करतं. नियम वहिनीचा: यंत्र तिच्या शिवणाच्या टेबलावर मांडायचं आणि ते कुणाच्या कामावर उभं आहे, हे आधी सांगायचं.

एक दिवस खुद्द साहेबच दारात! लहान मुलांसाठी झडप केली होती आणि बाकी सगळीकडून नकार आला होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"वहिनी, हाकल याला," मी कुजबुजलो.

"थांबा हो, भाऊजी. हाकलल्यावर काय, विसरून जाईल."

साहेबांनी झडप मांडली. "माझ्याच जुन्या झडपेची ही छोटी बहीण," म्हणाले. म्हातारा अजून सुधारला नव्हता!

प्रतिष्ठानच्या डॉक्टरांनी झडप तपासून उत्तम ठरवली, तेव्हा साहेबांना पुन्हा बोलावलं. वहिनी म्हणाली, "मदत मिळेल. पण झडपेला नाव ह्यांचं. आणि का, ते तुम्ही भर सभेत सांगायचं. पहिल्या रांगेत तुमची मुलं-नातवंडं हवीत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"झडप उचला आणि निघा."

"अहो, त्या आजारी मुलांचा तरी विचार करा!"

"मी केलाय. आता तुम्ही करा."

साहेबांनी झडप उचलली, पुन्हा टेबलावर ठेवली. मग हो म्हणाले.

सभेत त्यांनी सगळं सांगितलं. नाव गाळल्याचं, भावाला काढल्याचं. त्यांची नात आईला विचारत होती, "आजोबांनी चोरी केली?" मलासुद्धा पाहवेना. वहिनी मात्र डोळे भरून पाहत होती.

घरी येताना मी विचारलं, "बरं वाटलं?"

"खूप. हे असते तर कधीच माफ करून मोकळे झाले असते," ती म्हणाली. "मी नाही करणार."