व्हेकंट आणि एम्प्टी

पेनात शाई होती, टेबलावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवलं होतं, आणि मी पुढचा शब्द लिहायला तयार नव्हते.

तेव्हा मी मुरुडला एका सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. ओव्हरसियर जागेवर जाऊन मोजणी करतो आणि पेन्सिलीने नकाशा काढतो. त्यावर आरपार दिसणारं तलम कापड पसरून ट्रेसर तोच नकाशा काळ्या शाईने गिरवते. त्या कापडावरून निळ्या प्रती निघतात आणि वरच्या ऑफिसांत जातात. तिथली माणसं जागा पाहत नाहीत, प्रत पाहतात. या कामात फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं.

नकाशा नव्या मोटारस्टँडचा होता. कोळीवाड्याबाहेर, रस्त्याला लागून एक लांबट चौकोन. त्यात पाटणकर ओव्हरसियरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘व्हेकंट’.

त्याच रस्त्याने मी रोज ऑफिसला येत असे. दिवाळीनंतर त्या जागेत पाय ठेवायला वाव नसे. बांबूंवर ओळीने बोंबील, खाली पसरलेला जवळा, आणि माझ्या नाकाला पदर. आता श्रावण होता. बांबू नव्हते, गुडघाभर गवत होतं. मोजणी त्या गवतात झाली होती.

मी पाटणकरांच्या टेबलाशी गेले. “ही जागा व्हेकंट नाही. फार तर एम्प्टी म्हणता येईल.”

“मिस प्रधान, कॉन्व्हेंटचा तास इथे नको. मराठीत दोन्ही रिकामीच ना?”

“घरची माणसं चार दिवस गावाला गेली तर घर एम्प्टी. कायमची सोडून गेली, घर दुसऱ्याला देता आलं, तर व्हेकंट.”

“मला तिथे माणूस दिसला नाही, गवत दिसलं. गवताला विचारू? ट्रेसरने गिरवायचं असतं. गिरवा.”

हे खरं होतं. ट्रेसरला मनाने एक रेघ बदलता येत नाही. पण साहेबांची सही होण्याआधी नकाशा पुन्हा तपासा, असं सांगता येतं. त्याला कारण लागतं, आणि ‘मला आठवतंय’ हे कारण नव्हे.

दुपारच्या सुट्टीत मी कोळीवाड्यात गेले. हिराबाई नाखवीण शेजारणींबरोबर ओट्यावर बसली होती. मी बुजतच विचारलं, “पावसाळ्यात तुम्ही त्या जागेवर काही वाळवत नाही का?”

“पावसात काय वाळवू, तुजा पदर?” सगळ्या हसल्या. मग तिने माझा चेहरा पाहिला. “का गो बाय, काय झालाय?”

मी स्टँडचं सांगितलं. हसणं थांबलं.

“मंग मासळी कुटं वाळवू? मोटारीच्या टपावर? ती वाळली न्हाय तर पावसाचे चार म्हयने काय इकायचा, काय खायाचा?”

“पण जागा तुम्ही वापरता, हे आता कसं दाखवायचं?”

ती उठलीच. भर पावसात मला तिथे घेऊन गेली आणि पायाने गवत बाजूला केलं. जमिनीत एक दगड ठोकून बसवला होता. थोड्या अंतरावर दुसरा. पुढे सरळ ओळ, आणि तिच्याशेजारी आणखी ओळी. बांबू काढले की त्यांच्या भोकांत दगड ठोकायचे, नाहीतर माती भरते आणि पुढच्या हंगामात कुणाचा बांबू कुठे यावरून भांडणं होतात.

“ह्यो माजा. ह्यो रखमीचा. ह्यो जावेचा. तिच्याशी मी बोलत न्हाय, पन दगड तिचाच.”

मी तशीच ओल्या साडीने साहेबांपुढे उभी राहिले. “साहेब, मोजणीत एक फीचर राहिलंय.” फीचर म्हणजे विहीर, झाड, खांब, असं नकाशात दाखवावंच लागतं ते. माझा आवाज टेबलापर्यंत पोचला नाही. पुन्हा म्हटलं.

“एका शब्दासाठी नकाशा अडवलात?”

“शब्दासाठी नाही, साहेब. खांबांच्या भोकांसाठी. त्यांत ओळीने दगड ठोकलेत.”

साहेबांनी पाटणकरांकडे पाहिलं.

“दगड होते, साहेब. कोकणात दगड असायचेच.”

“ओळीत?”

साहेबांनी छत्री उचलली.

जागेवर त्यांनी एक दगड उचकटायला लावला. छत्रीचं टोक सरळ आत गेलं, हातभर.

“सायेब, दगड होता तसा बसवा,” मागून हिराबाई म्हणाली. “त्यो जावेचा हाय. माज्यावर आळ घेल.”

साहेबांनी स्वतः दगड बसवला आणि पुन्हा मोजणीचा हुकूम दिला. नव्या नकाशावर मी सगळ्या ओळी गिरवल्या आणि चौकोनात ‘फिश ड्राइंग ग्राउंड’, म्हणजे मासळी वाळवायची जागा, असं लिहिलं. स्टँड रस्त्याच्या पलीकडे गेला. रस्ता मात्र रुंद झाला आणि कडेची एक ओळ त्यात गेली. ती हिराबाईची होती. पुढची कितीतरी वर्षं ती मला रस्त्यात गाठून हे ऐकवत असे.

पाटणकरांनी त्यानंतर मला विचारल्याशिवाय तो शब्द लिहिला नाही. मी त्यांना एकच सांगे. एम्प्टी डोळ्यांनी पाहून लिहावं. व्हेकंट लिहिण्याआधी कुणाला तरी विचारावं. आणि विचारायला भर पावसाळ्यात जावं. चपला भिजतात, पण कोळणी घरी सापडतात.