जोड ओला होता

खून, दरोडे, मारामाऱ्या, पस्तीस वर्षांत सगळं पाहिलं आणि बरंचसं विसरूनही गेलो. जव्हारच्या एका दगडाचं प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. निवृत्तीला वर्षच उरलं होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि नवीन तक्रार आली की पहिल्यांदा वैताग यायचा. खोटं कशाला सांगू?

तक्रार ठाणे शहरातून आलेल्या एका सत्तरीच्या बाईंची होती. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. बोलणं तुमच्याआमच्यासारखंच मराठी. वडील एके काळी जव्हारच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, इथेच वारले. गावाबाहेर त्यांच्या लोकांची पाच-सहा थडग्यांची छोटी दफनभूमी आहे. दर वर्षी बाई यायच्या, वडिलांच्या दगडावर एक खडा ठेवून जायच्या. त्या वर्षी दगडच जागेवर नव्हता.

"इन्स्पेक्टर साहेब, वडिलांचं दुसरं काही माझ्याकडे नाही हो," त्या म्हणाल्या. "फोटोसुद्धा नाही. नाव लिहिलेला तो एक दगड आहे."

धार्मिक जागेचा विषय, म्हणून वरिष्ठांचे फोन सुरू झाले. चोरीचा गुन्हा दाखल केला. चार दिवसांनी मोखाडा तालुक्यातल्या एका पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, पोशेऱ्याकडच्या पाड्यावर एक म्हातारा दगड घासत बसलाय. वर उर्दूसारखं कायतरी लिवलंय."

हद्द मोखाड्याची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून दोन शिपायांसह पहाटेच निघालो. म्हातारा अंगणातच सापडला. जात्या-पाट्यांना टाकी लावायचा त्याचा धंदा. गिरण्या आल्या, घराघरांतली जाती गेली, तसा धंदाही बसला. आता पाड्यापाड्यांवर कुणाला आपल्या मयत माणसाच्या नावाने वीराचा दगड करून हवा असला, तरच बोलावणं यायचं. कंपाउंडरचा दगड भाताच्या पेंढ्यात उभा करून ठेवला होता. खाली हिब्रू आणि मराठी अक्षरं, आणि वर कोऱ्या जागेत ताजे कोरलेले चंद्र-सूर्य. झालं! चोरी तर होतीच, त्यात विटंबनाही आली. माझ्या डोक्यात कलमं फिरायला लागली.

घाईत जागेवरच पंचांच्या सह्या घेतल्या. वर्णन ठाण्यात गेल्यावर भरू म्हटलं. आम्ही असं करायचो. दगड उचलून जीपमध्ये टाकताना म्हातारा पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"आडवा नको साहेब! जोड ओला हाय. उभा ठेवा, मी धरून बसतो."

"गप बस," मी म्हणालो.

ठाण्यात पोचून ताडपत्री काढली, तर दगडाचे दोन तुकडे झालेले. शिपाई माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'सदर दगड दोन तुकड्यांत, भग्नावस्थेत मिळून आला.' एक ओळ फक्त. लिहायला मिनिटही लागलं नाही.

मग चौकशी. सकाळी दहापासून म्हाताऱ्याला बाकावर बसवलं.

"कुणाला विकणार होतास?"

"मेलेल्या माणसाचा दगड कोन इकत घेतो साहेब?"

"मग चोरलास कशाला?"

"चोरला नाय. आणला."

दिवसभर हेच. खरं बोलणारा माणूस दर वेळी तेच सांगतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारत राहिलो, कारण थांबलो असतो तर माझ्या त्या ओळीचा विचार करावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाच्या खोलीतून हवालदार आला. "साहेब, त्या दगडाला मुंग्या लागल्यात."

जाऊन पाहिलं. तुटलेल्या कडेवर पांढुरका लेप होता आणि त्यावर मुंग्यांची रांग. म्हाताऱ्याला आत बोलावलं.

"गूळ हाय त्यात," तो म्हणाला. "चुना, गूळ आन् हिरड्याचं पानी. शिमिट लावला तर दगड फुटतो."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बाजाराला आला असताना त्याला दगड मोडून पडलेला दिसला. गुरं आत शिरली होती. या कंपाउंडरने त्याच्या आईला पाड्यावर येऊन औषध दिलेलं, तो तेव्हा लहान होता. दफनभूमीला ना राखणदार ना कोणी, विचारायचं कुणाला? पिकअपमध्ये पेंढा भरून त्याने दोन्ही तुकडे घरी नेले. त्याच्या लोकांत पडलेला दगड तसाच उभा करत नाहीत. घरी आणतात, जोडतात, नैवेद्य दाखवतात, मग बसवतात. आणि चंद्र-सूर्य कोरल्याशिवाय तर नाहीच.

दुपारी बाई आल्या. आधी चंद्र-सूर्य पाहिले आणि संतापाने लाल झाल्या. "हे काय केलंत? आमच्यात असलं काही कोरत नाहीत!"

"चुकला बाय. मला म्हायती नवता. घासून काढतो."

गूळ-चुन्याची सगळी हकिकत मी सांगितली. बाई खाली बसल्या, वडिलांच्या नावावरून हात फिरवला. तो हात भेगेपाशी येऊन थांबला.

"जोडला होता म्हणता, मग परत तुटला कसा?"

खोलीत हवालदार होता, दोन्ही शिपाई होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"माज्याच हातनं निसटला बाय," तो म्हणाला.

आणि मी गप्प राहिलो.

बाईंनी तक्रार पुढे रेटली नाही. गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला, तो मंजूर झाला, दगड बाईंच्या ताब्यात दिला. म्हाताऱ्याने दफनभूमीतच बसून तो पुन्हा जोडला. चंद्र-सूर्य बाईंनीच राहू दिले. घासले तर दगड आणखी झिजेल म्हणाल्या.

पुढे दोन वर्षांनी म्हातारा गेल्याचं पोलीस पाटलाकडून कळलं. मी निवृत्त झालो होतो. जायला हवं होतं, गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. आरोपी खोटं का बोलतो, ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. भीतीने बोलतो. पण तो म्हातारा दीड दिवस धाकात बसून एक शब्द खोटं बोलला नाही. बोलला तो एकदाच, माझी अब्रू राखायला. ठाण्याच्या दप्तरात तो पंचनामा अजून असेल, खाली माझी सही असेल. बाई आज हयात आहेत की नाही, ठाऊक नाही. असल्या आणि हे त्यांनी वाचलं, तर एवढंच सांगतो, दगड त्याच्या हातून निसटला नव्हता. तो आम्ही मोडला.