ज्या हाकेला तोलाबा वळला नाही

अर्जेंटिनातल्या लानूसच्या आमच्या क्लबात कोणालाच खऱ्या नावानं हाक मारत नसत. बेर्तोलोत्ती हा 'तानो', कारण त्याचा आजा इटलीहून बोटीनं आलेला. घड्याळवाला साल्मुन 'रशियन', वाडवडील पोलंडचे ज्यू असले तरी. आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा सिक्स्तो तोलाबा 'बोलिता', म्हणजे बोलिव्हियावाला, तोही हिणवून.

तोलाबा बोलिव्हियाचा नव्हताच. तो हुहुईचा, अर्जेंटिनाच्याच पार उत्तरेकडच्या डोंगरातला. बाकीच्यांचे आजे बंदरावर उतरले तेव्हा त्याचे आजे त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या लामा राखत होते. पण रुंद चेहरा आणि सावळा रंग एवढ्यावर क्लबानं त्याचा देश ठरवून टाकला होता. वीस वर्षं त्यानं ऐकून घेतलं. वाळूच्या पट्टीवर जड गोळा सोडायचा आणि तो पुढच्या छोट्या गोळीला नेमका भिडवायचा, या खेळात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खेळायला मिळतंय ना, मग नावाचं काय, असं तो मनाला समजावी.

बिनसलं ते एका फळीवरून. विजेत्यांची नावं रंगवून क्लबानं ती दारात लावली. अंखेल बेर्तोलोत्ती, याकोबो साल्मुन आणि खाली नुसतं 'बोलिता'. तोलाबानं कप्तान तानोला ते बदलायला सांगितलं. सिक्स्तो म्हटलं तर तुला ओळखणार कोण, असं म्हणून तानोनं विषय उडवून लावला. यापुढे नावानं हाक आली तरच मला ऐकू येईल, असं तोलाबानं तिथल्या तिथे बजावलं. सगळे हसले.

नोव्हेंबरात शेजारच्या आवेझानेदाच्या संघाशी सामना होता. दोन्हीकडे चौदा गुण आणि शेवटचा गोळा तोलाबाच्या हातात. "टाक रे बोलिता," तानो म्हणाला. तोलाबा उभाच. तानोनं पुन्हा तीच हाक मारली, आणखी चढ्या आवाजात. वेळ संपला, पंचानं शिट्टी फुंकली आणि सामना गेला.

तानो तरातरा पट्टीवर आला. "चालता हो तुझ्या देशात."

"माझ्याच देशात उभा आहे मी. बोटीतून तुझा आजा उतरला, माझा नाही. मी बोलिव्हियन नाही, कळलं? नाही म्हणजे नाही."

हे सगळ्या अंगणानं ऐकलं. बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोनंही ऐकलं. प्रिमितिवा पोतोसीची, अस्सल बोलिव्हियाची. ती उठली आणि त्याच्यासाठी न थांबता घरी गेली.

घरी तिनं विचारलं, "माझा देश एवढा झटकलास का? अंगावर घाण उडाल्यासारखा?"

तिचा अपमान करायचा नव्हता, असं तो म्हणाला.

"माझे भाऊ तुला 'गाऊचो', अर्जेंटिनाचा गुराखी, म्हणतात तेव्हा बरा हसतोस."

"ते मायेनं म्हणतात."

"तानोही हेच सांगतो."

नऊ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

दहाव्या दिवशी क्लबाच्या समितीनं त्याला जाब विचारायला बोलावलं. तो उभ्यानंच बोलला. म्हणाला, "माझी बायको बोलिव्हियाची आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी लाजलो, ती माझी चूक. पण तुम्ही तिच्या देशाच्या नावाची शिवी केलीत. मला सिक्स्तो तोलाबा म्हणायचं, नाहीतर काहीच म्हणायचं नाही."

समितीनं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. एकही हात विरोधात वर आला नाही. समितीतला साल्मुन फाटकापर्यंत मागोमाग आला आणि हळूच म्हणाला की 'रशियन' म्हटलेलं त्यालाही कधी आवडलं नाही.

"मग आत तोंड का शिवलं होतंस?" असं विचारून तोलाबा चालू लागला. त्या क्लबात त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही, बंदी संपल्यावरही नाही.

घरी प्रिमितिवा मका सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"लाजलो म्हणून त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"आणि मला कधी सांगणार?"

तोलाबा तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. त्यानं सांगितलं. प्रिमितिवानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मक्याची अर्धी कणसं सोलायला त्याच्यापुढे सरकवली.